गुळव्याच्या जिभेवर स्टाउट

वरवंडात बिअरचे प्रकार दोन. एक चिल्ड, आणि दुसरी शॉपीचा फ्रीज बंद पडल्यावर मिळते ती. सरकारचे प्रकारही दोनच, पण वेगळे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे नियम सांगतात की पाच टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असेल तर ती माइल्ड, पाचाच्या वर आठापर्यंत असेल तर स्ट्राँग. गावात एखाद्याने माइल्ड मागितलीच, तर शॉपीवाला बाटली काढण्याआधी "तब्येत बरी आहे ना?" असं विचारतो.

पुणे-सोलापूर महामार्गावर पुण्यापासून साठेक किलोमीटरवर हे गाव. यवत गेलं, चौफुला गेला, चौफुल्याच्या कला केंद्रांच्या पाट्या गेल्या, की उसाची शेतं आणि गुऱ्हाळांचा धूर दिसू लागतो. पुढे पाटस, तिथे भीमा सहकारी साखर कारखाना. आषाढवारीत तुकोबांची पालखी यवतनंतर वरवंडला मुक्कामाला येते. त्या रात्री गावात दारूचा विषय काढणाऱ्याला स्वतःची बायकोही ओळख दाखवत नाही. उरलेल्या दिवसांत विषय निघतो. एप्रिलमध्ये तर काढावाच लागत नाही, कारण दौंड तालुक्यातला पारा चाळिशी ओलांडतो आणि माणसाला आपोआप काहीतरी गार आठवतं.

अशा गावात बिअरचं मूल्यमापन होत नाही, असं समजणारा माणूस तिथे कधी बसलेला नाही. होतं, आणि काटेकोर होतं. ६५० मिलीची बाटली आधी हाताने, मग गालाला लावून तपासली जाते. लेबलावरचं नाव वाचलं जात नाही, टक्का वाचला जातो. पहिला ग्लास एका दमात रिकामा होतो, त्यामुळे चवीला मत द्यायची संधीच मिळत नाही. दुसऱ्या ग्लासानंतर "आज काय चढंना" किंवा "आजची बॅच कडक हाय" असा निकाल लागतो. त्यावर अपील चालत नाही. वास घेण्याची पद्धत आहे, पण ती प्यालेल्याचा वास घेण्याची, आणि तो विभाग घरच्यांकडे.

आता समजा, या गावातला एक पोरगा खराडीच्या आयटी कंपनीत लागला. खराडी वरवंडकरांना सोयीची, सोलापूर रस्त्याने आलं की फार शहर ओलांडावं लागत नाही. सहा महिन्यांत पोराने दाढी राखली, वर्षभरात त्याला कॉफीत दूध चालेनासं झालं, आणि दुसऱ्या वर्षी तो एका शनिवारी दोन लिटरची काचेची बरणी छातीशी धरून गावी आला. आईला वाटलं, लोणचं. बरणीत होती स्टाउट. काळीकुट्ट, पुण्याच्या एका मायक्रोब्रुअरीतून भरून आणलेली.

हे घडू शकलं त्यामागे पंधराएक वर्षांचा इतिहास आहे. २००९ मध्ये सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी या दोघांनी ऑलिव्हर शाउफ या जर्मन ब्रूमास्टरला हाताशी धरून पुण्याच्या कोरिंथियन्स क्लबात 'डूलॅली' सुरू केली. राज्यातली ती पहिली मायक्रोब्रुअरी. त्यानंतर मुंढव्यापासून कोरेगाव पार्कापर्यंत तांब्यापितळेच्या आणि स्टीलच्या टाक्या उभ्या राहिल्या. आयपीए, विटबिअर, पोर्टर, स्टाउट हे शब्द पुण्याच्या पोरांच्या तोंडी बसले. २०१८ मध्ये तर मधापासून मीड बनवणारी 'मूनशाइन मीडरी'ही पुण्यातच निघाली. पण हा सगळा माल तिथेच बसून प्यायचा. तो बरणीत भरून घरी न्यायची मुभा राज्य सरकारने दिली ती २०२० च्या टाळेबंदीत, जेव्हा बसायलाच बंदी होती. त्या बरणीला ग्राउलर म्हणतात. ताज्या बिअरला टिकाऊपणा नसतो, दोन-तीन दिवसांत संपवावी लागते. या अटीबद्दल वरवंडात कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

स्टाउट म्हणजे काय, हे पोराने गुऱ्हाळाच्या शेडखाली जमलेल्या मंडळींना सांगायला घेतलं. अठराव्या शतकात लंडनमध्ये हमाल लोक पीत ती काळपट पोर्टर, आणि तिच्यातली जी अधिक कडक ती स्टाउट. डब्लिनच्या आर्थर गिनेसने १७५९ च्या ३१ डिसेंबरला ब्रुअरीची जागा भाड्याने घेतली ती ४५ पौंड वार्षिक भाड्याने, नऊ हजार वर्षांसाठी. इथे व्याख्यान थांबवावं लागलं. नऊ हजार वर्षांचा भाडेकरार ही गोष्ट कुळकायदा पाहिलेल्या गावात सहज पुढे जात नाही. "आणि मूळ मालकाचे वारस?" असं एकाने विचारलं. "कोर्टात असतील," दुसऱ्याने परस्पर उत्तर दिलं, आणि सगळ्यांचं समाधान झालं.

लंडनच्या साउथवर्कमध्ये हेन्री थ्रेल नावाच्या गृहस्थाची अँकर ब्रुअरी होती. तिथली सर्वांत जहाल स्टाउट रशियाच्या कॅथरीन महाराणीच्या दरबारी जात असे. त्यावरून त्या जातीला रशियन इम्पीरियल हे नाव पडलं. थ्रेलच्या मृत्यूनंतर १७८१ मध्ये ब्रुअरी विकली गेली १ लाख ३५ हजार पौंडांना, आणि त्या व्यवहारात मृत्युपत्राचा एक व्यवस्थापक म्हणून धावपळ करत होता डॉ. सॅम्युएल जॉन्सन, इंग्रजी शब्दकोशवाला. कोशकाराला बिअरच्या धंद्यात आलेलं हे भरतं पाहून आपल्याकडच्या कोशकारांचं आयुष्य किती कोरडं गेलं, याची हळहळ वाटते.

कॅथरीनच्या त्या स्टाउटीच्या वंशातल्या आजच्या बिअरी आठ ते बारा टक्क्यांच्या असतात. अमेरिकेत व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेल्या तर चौदाच्या पुढे जातात. इथे आपला कायदा आडवा येतो. आठाच्या वर गेली की ती भारतात बिअर उरत नाही. शेजारच्या श्रीलंकेची लायन स्टाउट ८.८ टक्क्यांची. मायकल जॅक्सन या ब्रिटिश बिअर समीक्षकाने (नाचणारा नव्हे, हा पिणारा) तिची जगभर कीर्ती केली. आपल्या व्याख्येत ती ०.८ ने नापास. म्हणजे पुण्याच्या ब्रूमास्टरने कितीही मनावर घेतलं तरी त्याची स्टाउट आठाच्या उंबरठ्यावर थांबणार. गंमत अशी की बेचाळीस टक्क्यांची क्वार्टर त्याच रस्त्यावर, त्याच कायद्याखाली राजरोस मिळते.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर परवान्याचंही सांगायला हवं. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा पाच रुपयांना, आयुष्यभराचा हजाराला. आणि तो परवाना देण्यामागचा हेतू कागदावर काय, तर परवानाधारकाच्या आरोग्याचं जतन. म्हणजे शनिवारी रात्री गुऱ्हाळाच्या शेडखाली गोल करून बसलेली मंडळी कायद्याच्या नजरेत उपचार घेत असतात. स्टाउटला हे बिरुद नवं नाही. ब्रिटनमध्ये बाळंतिणींना ती पाजत आणि १९२९ पासून गिनेसच्या जाहिराती ती प्रकृतीला मानवते असंच सांगत होत्या. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा लिहिणाऱ्यांनी त्या जाहिराती पाहिल्या असतील असं नाही, पण विचार जुळले.

तर, स्टाउटची परीक्षा कशी करतात? अमेरिकेत १९८५ साली बिअर परीक्षकांना प्रमाणपत्रं देणारी एक संस्था निघाली. तिची गुणपत्रिका पन्नास गुणांची. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण प्रभावाला १०. पंचेचाळीसच्या वर मिळाले तर असामान्य. एकवीसच्या वर बरी. आणि तेराच्या खाली गेली तर सदोष. पण शिष्टाचार असा की कितीही घाण बिअर समोर आली तरी परीक्षक सहसा तेराच्या खाली उतरत नाहीत. केलेल्या कष्टाचे तेरा. हा नियम आपल्या बोर्डाने कधीच अमलात आणला असेल, अशी शंका दहावीचे निकाल पाहून येते.

परीक्षकाला पेल्यात मिळते साठ-नव्वद मिली. तो आधी हुंगतो, मग पेला फिरवतो, पुन्हा हुंगतो, मग घोट घेऊन तोंडात खेळवतो. वाइनवाल्यांसारखं थुंकत नाही, कारण कडवटपणा पुरता कळायला घोट गिळावा लागतो, असं मानतात. मग तो लिहितो: कॉफी, डार्क चॉकलेट, जळकी साखर, सुकं अंजीर, मनुका, पुसट धूर. कॉफी आणि चॉकलेट बिअरमध्ये घातलेलं नसतं, बहुतेक वेळा. बार्ली दोनशे अंशांच्या वर भाजली की तिच्यात पायराझिन नावाची संयुगं तयार होतात. तीच भाजलेल्या कॉफीत असतात, कोकोत असतात, आणि तव्यावर विसरलेल्या भाकरीच्या काळ्या ठिपक्यातही त्यांचं गोत्र असतं. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रजाने माल्ट भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं, तेव्हापासून स्टाउट खऱ्या अर्थाने काळी झाली. त्याआधीची तपकिरी होती.

परीक्षकाला चांगलं ओळखता येणं पुरत नाही, बिघडलेलंही ओळखावं लागतं. त्यासाठी प्रशिक्षण असतं, आणि ते असं: चांगल्या बिअरमध्ये मुद्दाम दोषाची कॅप्सूल टाकतात आणि ती पाजतात. लोण्याचा वास आला तर डायअॅसिटिल. उकडलेल्या मक्याचा आला तर डायमिथाइल सल्फाइड. हिरव्या सफरचंदाचा आला तर बिअर कच्ची. भिजलेल्या पुठ्ठ्याचा आला तर जुनी, हवा लागलेली. पैसे भरून, वर्गात बसून, वही उघडून बिघडलेली बिअर पिण्याचा हा कोर्स जगभर चालतो. वरवंडात बिघडलेली बिअर कोर्सशिवाय मिळते. एप्रिलमध्ये टेम्पोत चार तास उन्हात उभ्या राहिलेल्या बाटलीत वरचे निम्मे दोष एकत्र शिकता येतात.

इथवर पोराचं व्याख्यान मंडळींनी सहन केलं, कारण बरणी त्याच्या मांडीवर होती. आता परीक्षक हवा होता. आणि वरवंडची खरी गोष्ट इथे सुरू होते, कारण शेडच्या कोपऱ्यात, काहिलीच्या कडेला पाठ टेकून, जिल्ह्यातला सर्वांत तयारीचा परीक्षक बिडी शोधत बसला होता. तो म्हणजे गुळव्या.

गुऱ्हाळावर माणसं बरीच असतात, पण मान गुळव्याचा. चरकातून उसाचा रस निघतो, तो भल्यामोठ्या काहिलीत येतो. खाली चुलवाणात चिपाडं सारून जाळ करणारा तो जळव्या. रस तापू लागला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, त्याने मळी वर येते, ती काढून टाकायची. पुढचे दोन-अडीच तास गुळव्या काहिलीकडे बघत उभा. फेसाचा रंग, बुडबुड्याचा आकार, उकळीचा आवाज, वाफेचा वास. शेवटी पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का हे बोटांनी पाहायचं. शास्त्रज्ञ म्हणतात, गूळ उतरवायचं तापमान ११८ अंशांच्या आसपास असतं. गुळव्याकडे थर्मामीटर नसतो आणि शास्त्रज्ञाकडे गुळव्याचं नाक नसतं. दोन मिनिटं लवकर उतरवला तर ढेप बसत नाही. दोन मिनिटं उशीर झाला तर करपतो. करपला तर बाजारात भाव पडतो, आणि भाव पडला तर दोष कुणाचा, यावर गुळव्याचं मत शतकानुशतकं ठाम आहे: जळव्याचा.

म्हणजे ज्या काळ्या रंगासाठी व्हीलरसाहेबाने पेटंट घेतलं, तो टाळण्यात या माणसाचं आयुष्य गेलं. पिवळाधमक गूळ विकला जातो म्हणून काहीजण त्यात हायड्रॉसची पावडर मारतात. काळ्या गुळाला तर नावच वाईट. हातभट्टीवर छापा पडल्याची बातमी आली की तिच्यात काळा गूळ आणि नवसागर हटकून असतात. अलीकडे पुण्याच्या दुकानांत 'सेंद्रिय' असं लिहिलं की तोच काळसर गूळ जास्त भावाने जातो, हे मात्र गुळव्याने पाहून ठेवलं होतं. शहरातल्या माणसाला करपलेलं आवडतं, इतपत त्याचा अभ्यास होता.

पोराने बरणीचं झाकण काढलं.

पेला नव्हता. परीक्षेसाठी ट्यूलिपच्या आकाराचा काचेचा पेला लागतो, कड आत वळलेला, म्हणजे वास कोंडून राहतो. शेडमध्ये होते स्टीलचे ग्लास आणि एक कप, कान तुटलेला. स्टीलच्या ग्लासात स्टाउट आणि बोअरचं पाणी सारखंच दिसतं. दिसण्याचे तीन गुण जागच्या जागी गेले. तीनच होते हे बरं.

"गार नाय," एकाने ग्लासाला हात लावून पहिला आक्षेप नोंदवला. पोराने सांगितलं की कडक स्टाउट दहा ते तेरा अंशांवर प्यायची असते. फार गार केली तर वास झोपतात आणि नुसता कडवटपणा जागा राहतो. मंडळी गप्प झाली. ज्या गावात 'चिल्ड' हा एकमेव निकष, तिथे तेरा अंश म्हणजे आजारपण. एकाने बरणी उचलून फ्रीजमध्ये ठेवायचा प्रस्ताव मांडला, दुसऱ्याने बर्फ आणायला पोरं धाडली. बर्फ येईपर्यंत पोराने घाईने पहिला ग्लास गुळव्याच्या हाती दिला.

गुळव्याने ग्लास नाकाखाली धरला. कुणी शिकवलं नव्हतं, पण त्याने तो हळूच फिरवला. पाक फिरवतात तसा. पुन्हा नाकाखाली धरला. सगळी शेड त्याच्याकडे बघत होती.

"करपलंय," तो म्हणाला.

"आबा, मुद्दाम करपवलंय."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. भाजलेली बार्ली आहे ती."

"आन् पैसे देऊन आणलंस?"

यावर पोराकडे उत्तर नव्हतं. गुळव्याने घोट घेतला. घोट तोंडात बराच वेळ राहिला. मग एकेक शब्द बाहेर पडू लागला, आणि पोराने मोबाईलवर ते लिहून घेतले. काकवी. पण पहिल्या धारेची नव्हे, तळाला राहिलेली. काहिलीच्या कडेला चिकटून जळलेला पाक. चुलवाणातली राख, ओली झालेली. मागून जरा आंबूस, चिपाडाच्या ढिगात पाऊस शिरल्यावर येतो तसा वास. शेवटी कडू, पण मेथीचं कडू नाही, कोळशाचं.

प्रमाणपत्रधारक परीक्षक यालाच मोलॅसिस, बर्न्ट शुगर, रोस्ट, हलकी आम्लता आणि कोरडा शेवट म्हणतात. त्यांनी यासाठी परीक्षा दिलेल्या असतात. गुळव्याने अर्धं आयुष्य काहिलीपाशी काढलेलं असतं. परीक्षकाचे शब्द पुस्तकातले, ट्रीकल आणि टॉफी, जे अर्ध्या महाराष्ट्राने कधी चाखलेले नाहीत. पुण्याच्या मेनूकार्डांवर तेच छापतात आणि खराडीचं पोरगं मान डोलावतं. काकवी मात्र त्याच्या आजीच्या फडताळात होती.

संशयी माणसं प्रत्येक गावात असतात. एकाने म्हटलं, आबा काहीही ठोकून देत्यात, पारख करू. पारखेची रीत मात्र पोराच्या आयटीतून निघाली. तीन ग्लास, दोनांत एकच बिअर, एकात वेगळी. वेगळा कोणता ते ओळखायचं. १९४०च्या दशकात डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत ही त्रिकोणी चाचणी रूढ झाली, आणि आज मसाल्यापासून मिनरल वॉटरपर्यंत सगळे कारखाने ती वापरतात. दोन ग्लासांत स्टाउट ओतली, तिसऱ्यात स्टाउटमध्ये चमचाभर काकवी ढवळली. गुळव्याने तिन्ही हुंगले, दोन चाखले, तिसऱ्याला तोंडही न लावता बाजूला सरकवला. "ही आपली," म्हणाला.

बरोबर होतं. पण नुसत्या अंदाजानेही तीनातला एक बरोबर यायची शक्यता एक तृतीयांश असते, म्हणून चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते. किती वेळा केली म्हणजे खात्री धरायची, हे गणितही स्टाउटच्याच घरचं. १८९९ मध्ये गिनेस कंपनीत विल्यम सीली गॉसेट नावाचा तरुण रसायनतज्ज्ञ लागला. बार्लीचे मोजकेच नमुने हाताशी असताना निष्कर्ष कसा काढायचा, ही त्याची अडचण. ती सोडवताना त्याने १९०८ मध्ये जो निबंध लिहिला, तो कंपनीच्या नियमामुळे स्वतःच्या नावाने छापता आला नाही. त्याने 'स्टुडंट' हे टोपणनाव घेतलं. आज एमएस्सीची पोरं जी 'टी टेस्ट' रडत रडत शिकतात, ती तीच. काळ्या बिअरने जगाला दिलेला हा एकमेव त्रास असा की जो न पिणाऱ्यांनाही भोगावा लागतो.

शेडमध्ये पुनरावृत्तीला कुणाचाच विरोध नव्हता. उलट संशयी माणसांची संख्या एकदम वाढली, प्रत्येकाला स्वतः खात्री करून घ्यायची होती. पण तोवर चखणा आला आणि शास्त्र संपलं.

परीक्षकांच्या टेबलावर साधा पाव आणि पाणी असतं, जीभ कोरी करायला. शेडमध्ये आले खारे शेंगदाणे, मसाला पापड, लसणाची चटणी लावलेली उकडलेली अंडी आणि फरसाण. लसणाच्या चटणीनंतर स्टाउटमध्ये अंजीर शोधणं निरर्थक आहे. पाश्चात्त्य पुस्तकं स्टाउटबरोबर कालवं सुचवतात, चॉकलेट केक सुचवतात, निळी बुरशी आलेलं चीज सुचवतात. यातलं वरवंडात काहीच मिळत नाही, आणि चीजला बुरशी आली तर ते गाईला घालतात. पण त्याच पुस्तकांत असंही असतं की भाजलेल्या बार्लीला भाजलेलं मटण उत्तम. सोलापूर रस्त्यावरच्या ढाब्यांवर जे काळं मटण मिळतं, त्यातलं खोबरं आणि कांदा काळा होईस्तोवर भाजलेला असतो. ही जोडी पुण्याच्या कुठल्याही मेनूकार्डावर छापायला हरकत नाही. भिगवणची चिलापी चालेल का, हा प्रश्न एकाने विचारला. तो खुला आहे.

मध्येच पाण्याची गोष्ट निघाली. ब्रुअरी टाकायची तर पाणी कोणतं, असं एका हिशेबी माणसाने विचारलं. वरवंडच्या लोकांना व्हिक्टोरिया तलावाचं कौतुक आहे, पण बोअरच्या पाण्याबद्दल कुणी चांगलं बोलत नाही. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर. पोराने इथे खरोखर कामाची माहिती दिली. भाजलेली बार्ली आंबट असते. पाण्यात बायकार्बोनेटचे क्षार असले की ती आंबटाई मारली जाते आणि घोळ नीट उतरतो. मऊ पाण्यात फिक्या बिअरी चांगल्या होतात, जड पाण्यात काळ्या. लंडनच्या विहिरींना असंच जड पाणी होतं, म्हणून तिथे पोर्टर वाढली. ज्या पाण्याला गाव पिढ्यान् पिढ्या शिव्या देत आलं, ते स्टाउटसाठी बरंच बरं निघालं, हे ऐकून दोन-तीन जण उठून बोअरच्या नळाकडे आदराने बघून आले.

हिशेबी माणूस मात्र पुढच्या प्रश्नाला लागला होता: टाकायची कुठे? महामार्गावर टाकावी तर २०१६ च्या डिसेंबरचा निकाल सगळ्यांच्या आठवणीत. सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. एप्रिल २०१७ पासून रस्त्याकडेची दुकानं, परमिट रूम, बार एका रात्रीत बंद. वीस हजारांच्या आतल्या लोकसंख्येच्या गावांना २२० मीटरची सवलत होती. त्या काळात गावोगाव टेप घेऊन माणसं फिरत होती, आणि मापायचं सरळ रेषेत की चालायच्या वाटेने यावर वकिलांचं भलं झालं. केरळमध्ये एका बारमालकाने तर दारापुढे भिंतींचा चक्रव्यूह बांधला. सरळ अंतर तेवढंच, पण चालत जायचं तर अडीचशे मीटर जास्त. आत जाताना ठीक, परत येताना अभिमन्यूची आठवण आली असेल. पुढे २०१७ च्या जुलैत नगरपालिका हद्दीतली दुकानं वगळली गेली आणि २०१८ च्या फेब्रुवारीत ग्रामपंचायतींचा प्रश्न न्यायालयाने राज्यांवर सोपवला. हिशेबी माणसाने एवढं सगळं ऐकून मायक्रोब्रुअरीचा विचार सोडून दिला आणि रसवंतीचा धरला.

बर्फ आला. बरणीत पाव लिटर उरली होती. बर्फ घातलेली स्टाउट पिणाऱ्यांनी "आत्ता कशी बिअर लागती" असा एकमुखी कौल दिला. पोराने डोळे मिटून घेतले.

गुणपत्रिकेचं काम राहिलं होतं. पोराने मोबाईलवर तक्ता उघडला आणि गुळव्याला विचारत गेला. वासाला बारातले दहा. चवीला वीसातले सोळा, कारण करपलंय पण मुद्दाम, आणि मुद्दाम करपवूनही कडवट पाक पार बिघडू दिला नाही ही कारागिरी आहे. दिसण्याचे तीन वादात गेले. स्टीलच्या ग्लासात काय दिसणार, म्हणून शेवटी दीड. तोंडातल्या जडपणाला पूर्ण पाच, घोट काकवीसारखा उतरतो म्हणून. एकूण प्रभाव दहातले सहा. का सहा? तर "चढली नाय." साडेसात टक्क्यांची बिअर दोन लिटर, दहा जणांत. चढणार कुठून? पण परीक्षकाचा अधिकार मोठा, गुण कायम राहिले. बेरीज साडेअडतीस. अमेरिकन तक्त्यात अडतीसच्या वर 'उत्कृष्ट'.

तक्त्याच्या शेवटी एक रकाना असतो. नुसते गुण देऊन परीक्षकाला सुटता येत नाही. ब्रूमास्टरला सुधारणेसाठी सल्ला द्यावा लागतो, धान्य बदला, यीस्ट बदला, तापमान सांभाळा, असं काहीतरी नेमकं. पोराने विचारलं, "आबा, बनवणाऱ्याला काय सांगू?"

गुळव्याने बिडी पेटवली. थोडा विचार केला. रिकाम्या ग्लासाच्या तळाचा पुन्हा एकदा वास घेतला.

"त्याला म्हणावं, हात चांगला हाय. फकस्त जळव्या बदल."